ड्राइव्ह हेल्दी आहे

गेल्या गुरुवारी ऑफिसात एक प्रकार झाला. प्रॉडक्शनमधली एक सर्व्हिस आडवी पडली होती, ग्राहक फोनवर बोंबलत होते आणि आमच्या डॅशबोर्डवरचे दिवे मात्र सगळे हिरवेगार. कॉलवर कोणीतरी (बरं बाबा, मीच) म्हणालं, "आमच्या बाजूने सगळं हेल्दी दिसतंय." वाक्य तोंडातून गेलं आणि पोटात गोळा आला. कारण अगदी हेच वाक्य मी पूर्वी एकदा लिहून, खाली सही करून दिलं होतं. आणि त्याचं फळ दुसऱ्याच माणसाला भोगावं लागलं.

म्हणून या शनिवारी सिनेमा रद्द आणि हा लेख. विषय मोटर आणि तिच्या ड्राइव्हचा आहे, म्हणजे जरा रुक्ष. पण मंडळी, शेवटपर्यंत या. शेवटी इराण आहे, व्हायरस आहे, सगळा मसाला आहे. :)

तर मी मूळचा इलेक्ट्रिकलवाला. २०१९ साली डिग्री हातात पडल्यावर, आयटीत उडी मारण्याआधी, वर्षभर पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्यात ट्रेनी होतो. तिथे ३० किलोवॉटची एक ब्लोअर मोटर होती. आधी ती थेट सप्लायवर पूर्ण वेगाने पळायची. हवा कमी हवी असेल तर पुढचा डँपर अर्धा बंद करायचा. मी जायच्या थोडंच आधी वीज वाचवायची म्हणून तिला ड्राइव्ह बसवला होता. व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रीक्वेन्सी बदलून तिचा वेग कमीजास्त करणारं खोकं. बिल खाली आलं, साहेब खूश.

पण चार महिन्यांत मोटरचं बेअरिंग गेलं. बदललं. पुन्हा चार महिन्यांनी गेलं. आधी हीच मोटर एकेका बेअरिंगवर वर्षानुवर्षं चालली होती.

मला लॅपटॉप देऊन पाठवलं. ड्राइव्हला केबल जोडली, फॉल्ट हिस्टरी उघडली. एकही ट्रिप नाही. करंट नॉर्मल, तापमान नॉर्मल, आतलं डीसी व्होल्टेज नॉर्मल. मी रिपोर्ट लिहिला: "ड्राइव्ह हेल्दी आहे. दोष मेकॅनिकल असावा." आता मेकॅनिकल म्हणजे कोण? तर मेन्टेनन्सचे मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. त्यांना "ग्रीसिंगमध्ये हलगर्जीपणा" असा मेमो मिळाला आणि सोबत पुरावा म्हणून माझा रिपोर्ट. मामांनी वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या लॅपटॉपला बेअरिंग दिसतं का?"

तिसरं बेअरिंग गेलं तेव्हा मामांनी ते भंगारात टाकलं नाही. बाहेरची रिंग ग्राइंडरने कापली आणि अर्धा तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला, जिथून गोळ्या फिरतात त्या वाटेवर, एकसारख्या अंतराने आडव्या रेषा होत्या. अगदी पन्हाळी पत्र्यासारख्या. ग्रीस कमी पडलं तर धातू ओरबाडला जातो, तापून काळानिळा पडतो. असं मोजूनमापून काढल्यासारखं डिझाइन येत नाही. "हे काय आहे ते तुमच्या कॉम्प्युटरात शोधा," मामा म्हणाले.

शोधलं. आणि शोधता शोधता जो इतिहास हाती लागला तो आम्हाला कॉलेजात कुणी सांगितला नव्हता.

सुरुवात १८८८ पासून करू. त्या वर्षी इटलीत तुरिनला गॅलिलिओ फेरारिसने आणि अमेरिकेत निकोला टेस्लाने, एकमेकांवर अवलंबून न राहता, फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी एसी मोटर जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी एईजी कंपनीतल्या मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तिला थ्री-फेज आणि पिंजऱ्यासारखा रोटर दिला. आज कारखान्यात जी इंडक्शन मोटर दिसते ती मुळात हीच. हिचं सौंदर्य म्हणजे साधेपणा. ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, ठिणग्या नाहीत. अख्ख्या मोटरीत झिजणारी गोष्ट एकच, दोन टोकांची बेअरिंगं. (हे लक्षात ठेवा.)

खोट एकच. हिचा वेग सप्लायच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला. १२० गुणिले फ्रीक्वेन्सी, भागिले पोल. म्हणजे ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खाली, साधारण १४४० वर फिरणार. तुम्हाला ९०० हव्यात? मिळणार नाहीत.

मग लोकांनी काय केलं? ज्यांना वेग बदलायचाच होता ते डीसी मोटरकडे गेले. १८९१ मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्डने एक जुगाड काढला (आदराने म्हणतोय). एका मोटरने डीसी जनरेटर फिरवायचा आणि त्या जनरेटरचं व्होल्टेज कमीजास्त करून दुसरी डीसी मोटर हवी तशी पळवायची. एका मोटरचं काम करायला तीन यंत्रं! तरी लिफ्ट, रोलिंग मिल, खाणीतले पाळणे कित्येक दशकं याच पद्धतीवर चालले. आपली मुंबईची लोकलसुद्धा ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, डीसी मोटरींवरच.

आणि ज्यांना डीसीचा खर्च परवडत नव्हता ते मोटर पूर्ण वेगाने पळवून पुढे डँपर किंवा व्हॉल्व्ह आवळत राहिले. म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा. पंखे आणि पंप यांना लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी लागते. इतकी वीज जगभर रोज डँपरवर आपटून वाया जात होती.

फ्रीक्वेन्सी बदलली की वेग बदलतो, हे तर गणितात दिसतच होतं. अडलं होतं ते फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या स्विचपाशी. तो मिळाला १९५७ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर बनवला. पण हा पठ्ठ्या चालू सहज व्हायचा, बंद करताना मात्र नाकीनऊ आणायचा. त्याला बंद करायला वेगळं सर्किट लागायचं. ते एखाद्या वेळी चुकलं की सरळ शॉर्ट आणि धाडकन फ्यूज. त्या काळचा फॉल्ट शोधणं कटकटीचं असेल, पण फॉल्ट प्रामाणिक होता. पॅनेलमध्येच व्हायचा, आवाज करायचा, वास यायचा. म्हातारा इलेक्ट्रिशियन नाकाने शोधून काढेल असा.

१९६४ मध्ये ब्राउन बोव्हेरीच्या शोनुंग आणि स्टेमलर यांनी पल्स विड्थ मॉड्युलेशन वापरून मोटर चालवायची पद्धत मांडली. कल्पना आपल्या लोकांना लगेच कळेल. गुळगुळीत साइन वेव्ह बनवत बसू नका. डीसी व्होल्टेज भराभर चालू-बंद करा आणि प्रत्येक पल्सची रुंदी अशी ठेवा की सरासरी साइनसारखी येईल. बाकी मोटर बघून घेईल. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉसने व्हीएलटी ५ नावाचा ड्राइव्ह काढला. कारखान्यात ठोकभावाने बनलेला पहिला एसी ड्राइव्ह म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे १९७३ चं तेलसंकट आलं आणि वीज वाचवणं हा धंद्याचा विषय झाला.

मग मायक्रोप्रोसेसर आले आणि ड्राइव्हला तोंड फुटलं. छोटा डिस्प्ले आला, त्यावर कोड: ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, अंडरव्होल्टेज, ओव्हरटेंपरेचर. आणि इथेच, माझ्या मते, आपल्या सवयी बिघडायला सुरुवात झाली.

ओव्हरव्होल्टेजचंच घ्या. डिस्प्लेवर हा कोड आला की पहिली शिवी वीज मंडळाला जाते. पण हा ट्रिप बऱ्याचदा मोटर थांबवताना येतो. जड पंखा फिरतोय, तुम्ही ड्राइव्हला सांगता पाच सेकंदांत थांबव. पंख्याचा जोर इतका असतो की मोटरच जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते. आतलं व्होल्टेज चढतं, ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. उपाय काय, तर थांबायला वेळ जास्त द्या किंवा ब्रेकिंग रेझिस्टर बसवा. म्हणजे कोड खोटा नव्हता, पण कोड हे लक्षण होतं, निदान नव्हे. ताप १०२ आहे एवढं थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड ते डॉक्टरने बघायचं.

आता येतो खरा खलनायक. म्हणजे खरं तर नायकच. १९८० च्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. बालिगा मद्रासचे, १९६९ चे आयआयटी मद्रासचे पदवीधर. २०२४ मध्ये त्यांना याच कामासाठी फिनलंडचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं. थायरिस्टरसारखा हट्टीपणा नाही, सांगितलं की चालू, सांगितलं की बंद. आणि तेही सेकंदाला हजारो वेळा. ड्राइव्ह लहान झाले, स्वस्त झाले. २००७ पासून मुंबईत ज्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल आल्या त्यांतल्या थ्री-फेज मोटरी आयजीबीटीवरच चालतात. सुटताना त्यांचा तो चढत जाणारा सूर आठवतो? तो या स्विचिंगचाच.

आयजीबीटी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्याही आत, कधी कधी ०.१ मायक्रोसेकंदात चालू होतो. ड्राइव्ह गार राहतो कारण स्विच अर्धवट अवस्थेत फारसा रेंगाळतच नाही. १९९० च्या दशकात हे ड्राइव्ह सगळीकडे बसले आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. ड्राइव्ह ठणठणीत, आणि मोटरी मरायला लागल्या.

आधी वाइंडिंगं गेली. केबलमधून व्होल्टेजची लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर जाते. लाटेची चढण ०.१ मायक्रोसेकंदाची असेल तर सात-आठ मीटरच्या पुढची कुठलीही केबल तिच्या दृष्टीने लांबच. लाट मोटरपाशी आपटते, परत फिरते आणि आपटताना व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या आत साधारण ५८७ व्होल्ट डीसी असतं, म्हणजे मोटरच्या टर्मिनलवर ११७० च्या आसपास. त्याचा मोठा वाटा वाइंडिंगचे पहिले काही वेढेच झेलतात. तिथलं इन्सुलेशन हळूहळू कुरतडलं जातं, वेढ्यावेढ्यात शॉर्ट होतो. गंमत म्हणजे मेगर लावला तर तो सगळं ठीक सांगतो! मेगर वाइंडिंग आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन मोजतो. एकाच वाइंडिंगच्या दोन वेढ्यांमध्ये काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. शेवटी अमेरिकेच्या नेमा या संस्थेने ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरींसाठी वेगळा नियम केला: ६०० व्होल्टपर्यंतच्या मोटरीने १६०० व्होल्टचे तडाखे सोसले पाहिजेत.

त्यानंतर बेअरिंगं. सप्लायच्या तीन फेजची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य असते, हे आपण कॉलेजात घोकलेलं असतं. पण ड्राइव्ह तीन फेजना चालू-बंद करून चालवतो, त्यामुळे त्याच्या तीन व्होल्टेजची बेरीज शून्य होतच नाही. हे उरलेलं व्होल्टेज वाइंडिंग आणि रोटर यांच्यामधल्या हवेच्या फटीतून, कपॅसिटरमधून जावं तसं, शाफ्टवर चढतं. शाफ्ट बेअरिंगवर, बेअरिंगच्या गोळ्यांभोवती ग्रीसचा अतिपातळ थर, तोच इन्सुलेटर. व्होल्टेज त्या थराला झेपेनासं झालं की ठिणगी. प्रत्येक ठिणगी रिंगवर एक सूक्ष्म खड्डा पाडते. अशा ठिणग्या रात्रंदिवस पडत राहतात, गोळ्या त्या खड्ड्यांवरून नाचत जातात आणि शेवटी उमटतात त्या पन्हाळी रेषा.

मोटरच्या शाफ्टमधून करंट वाहू शकतो हे १९२० च्या दशकातच लोकांना माहीत होतं. पण ड्राइव्हमुळे हे कसं होतं ते १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या इंजिनीअरांनी मोजून, पेपर लिहून दाखवलं. त्यांतले काही तर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. म्हणजे मामांनी जो तुकडा टेबलावर ठेवला त्याचं उत्तर माझ्या जन्माच्या आसपास छापून झालं होतं.

पॅनेलपासून मोटरपर्यंत जाऊन पाहिलं. साधी केबल, शील्ड नाही. मोटरचं अर्थिंग लांबून फिरून आलेलं. मग एका बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, दुसऱ्या बाजूला शाफ्ट अर्थ करणारा ब्रश आणि शील्डेड केबल, असा तिहेरी बंदोबस्त झाला. मी सोडेपर्यंत तरी बेअरिंग गेलं नव्हतं. मामांचा मेमो? तो फाइलमध्येच राहिला. मी नवीन रिपोर्ट दिला, पण "आता प्रॉब्लेम सुटला ना, मग जुनं कशाला उकरायचं" असं उत्तर मिळालं. मी ट्रेनी, नोटीस पीरियडवर. जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

मला आजही टोचतं ते हे, की मी रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं नव्हतं. ड्राइव्ह खरंच हेल्दी होता. पण ड्राइव्हला दिसतो त्याचा स्वतःचा करंट, स्वतःचं व्होल्टेज, स्वतःचं तापमान. तो सांगत होता, "मी बरा आहे." मी ऐकलं, "सगळं बरं आहे." आणि या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एक माणूस अडकला.

आता इराण. वचन दिलंय ना.

जून २०१० मध्ये बेलारूसच्या व्हायरसब्लोकअडा या कंपनीला इराणमधल्या एका ग्राहकाच्या, सारख्या रीस्टार्ट होणाऱ्या कॉम्प्युटरवर एक व्हायरस सापडला. तोच पुढे स्टक्सनेट म्हणून गाजला. तो सीमेन्सच्या पीएलसीत शिरतो एवढं कळलं होतं, पण पीएलसीकडून करवून काय घेतो ते कळत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रोफिबस जाणकाराच्या टिपेवरून सिमँटेकच्या लोकांना उलगडा झाला. स्टक्सनेट शोधत होता फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह! तेही दोनच कंपन्यांचे, तेहरानची फरारो पाया आणि फिनलंडची व्हेकॉन. एका ठिकाणी निदान ३३ ड्राइव्ह हवेत आणि ते ८०७ ते १२१० हर्ट्झच्या दरम्यान चालत असावेत. आपला ब्लोअर ५० वर चालतो. हजार हर्ट्झवर काय चालतं? युरेनियम समृद्ध करणारे सेंट्रिफ्यूज. म्हणजे नतान्झ.

हल्ला बघा कसा होता. आधी काही दिवस गप्प बसून नुसतं बघायचं. मग फ्रीक्वेन्सी १४१० हर्ट्झवर न्यायची, थोड्या वेळाने १०६४ वर परत. मग जवळपास महिनाभर शांतता. मग २ हर्ट्झपर्यंत खाली, आणि पुन्हा १०६४. आपल्या ग्रीसच्या थरासारखंच, एका दणक्यात नाही, कुरतडत कुरतडत. हल्ला चालू असताना पीएलसीतला मूळ प्रोग्राम बाजूला सारलेला असायचा. वेगाचे आकडे ताजे होतच नव्हते, त्यामुळे कंट्रोल रूमच्या पडद्यावर आधीचेच चांगले आकडे दिसत राहायचे. इंजिनीअरने लॅपटॉप जोडून प्रोग्राम वाचला तरी व्हायरसचा भाग लपवलेला. वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर सायन्स अँड इंटरनॅशनल सिक्युरिटीने डिसेंबर २०१० मध्ये अंदाज मांडला की यात सुमारे १००० सेंट्रिफ्यूज गेले असावेत.

२०१२ मध्ये डेव्हिड सँगर या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये यामागे अमेरिका आणि इस्रायल असल्याची बातमी दिली. दोन्ही सरकारांनी ते अधिकृतपणे कधी कबूल केलं नाही. त्या बातमीतल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक, नतान्झमध्ये काही लोकांना नोकरीवरून काढलं गेलं. दोन, तिथल्या लोकांचा स्वतःच्याच उपकरणांवरून विश्वास इतका उडाला की प्रत्यक्ष प्लँटमध्ये माणसं बसवली आणि डोळ्यांना काय दिसतंय ते वायरलेसवर कळवायला सांगितलं.

वाचताना मला मामाच आठवले. तिकडे पडदा मुद्दाम फसवत होता, आमच्याकडे तो बिचारा खरं बोलत होता. पण दोन्हीकडे पडद्यावर ठीक दिसलं म्हणून दोष माणसावर गेला.

थायरिस्टरच्या काळात फॉल्ट पॅनेलमध्ये होता. आयजीबीटी आला, फॉल्ट केबल, वाइंडिंग आणि बेअरिंगमध्ये गेला. मग सॉफ्टवेअर आलं आणि फॉल्ट कोडमध्ये, म्हणजे आपल्याच गल्लीत आला. दर वेळी फॉल्ट डिस्प्लेपासून एक घर लांब सरकला आणि आपण मात्र डिस्प्लेला अधिकच चिकटलो.

असो. गुरुवारच्या कॉलवर "आमच्या बाजूने हेल्दी" म्हटल्यावर मी दोन मिनिटांनी परत बोललो: "म्हणजे एवढंच, की आमचं मॉनिटरिंग जे मोजतं ते ठीक आहे. ग्राहकाला काय दिसतंय ते कुणीतरी त्याच्याच मशीनवरून बघूया." बघितलं. प्रॉब्लेम आमचाच निघाला. सर्व्हिस जिवंत होती, उत्तरं रिकामी पाठवत होती. बोलणी मीच खाल्ली, आणि या वेळी ती योग्य पत्त्यावर आली होती.